पेसमेकर छातीत, फर्नेस समोर: किती लांब राहायचं?

पेसमेकर बसवून घरी आलो त्या दिवशी बायकोने दोन कामं केली. इंडक्शनची शेगडी माळ्यावर टाकली आणि माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला. "अहो, करंटपासून लांब राहायला सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

डॉक्टर म्हणाले होते, "विजेच्या मोठ्या उपकरणांपासून जपा." आता मी बत्तीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा वायरमन. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेच्या कॉइलने धातू वितळवणारी भट्टी. तिचं पॅनेल, कपॅसिटर बँक, पाण्याने गार ठेवलेल्या वॉटर कूल्ड केबल यातच माझे केस पांढरे झाले. मोठं उपकरण म्हणजे नक्की कोणतं आणि जपायचं म्हणजे किती फूट, हे कोणी सांगेना. हॉस्पिटलने दिलेल्या पुस्तिकेत मायक्रोवेव्ह होता, हेअर ड्रायर होता. फर्नेस नव्हती. मग दीड वर्षं डॉक्टरांना, पेसमेकर कंपनीच्या माणसाला आणि मीटर घेऊन येणाऱ्यांना विचारून विचारून जे जमवलं ते इथे लिहितोय. वेल्डर, वायरमन, मोटर रिवाइंडिंगवाले, फौंड्रीतले, आणि घरात पेसमेकरवालं माणूस असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल. तुमच्या डॉक्टरांचा शब्द मात्र माझ्या शब्दाच्या वर.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. फौंड्रीच्या सेफ्टीवाल्याने मला एक रिपोर्ट दाखवला. "अण्णा, सगळं लिमिटच्या आत आहे, बिनधास्त या कामावर." रिपोर्ट खोटा नव्हता, पण तो माझ्यासाठी नव्हता. जगभर ज्या मर्यादा मानतात त्या आयसीएनआयआरपी नावाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने घालून दिलेल्या आहेत. आपल्या घरच्या 50 हर्ट्झच्या (सेकंदाला 50 आवर्तनांच्या) विजेपासून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रासाठी त्यांच्या 2010 च्या सूचनांत सामान्य माणसाला 200 मायक्रोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आणि कामगाराला 1000 मायक्रोटेस्ला अशी पातळी आहे. फ्रिक्वेन्सी चढली की पातळी उतरते. आमची फर्नेस 1000 हर्ट्झवर चालते, तिथे हेच आकडे 80 आणि 300 होतात. हे आकडे काढताना पाहिलं काय, तर कमी फ्रिक्वेन्सीला शरीरात निर्माण होणाऱ्या विद्युत क्षेत्राने चेतातंतू नको तेव्हा चाळवले जाऊ नयेत, आणि मोबाईलसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सीला मांस तापू नये. धडधाकट माणसाला ते पुरेसं आहे. पण त्याच सूचनांत साफ लिहिलंय की मर्यादा पाळल्या तरी पेसमेकरसारख्या उपकरणात अडथळा येणारच नाही असं नाही. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्याच्या संस्थेने म्हणूनच पेसमेकरवाल्या कामगारासाठी वेगळा आकडा सुचवलाय. घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला 100 मायक्रोटेस्ला, म्हणजे इतर कामगारांच्या मर्यादेचा साधारण दहावा भाग. तेव्हा कुणी "लिमिटच्या आत आहे" म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कुणाच्या लिमिटच्या?

अडथळा येतो कसा, हे कळलं की अर्धी भीती जाते. पेसमेकर काही सतत ठोके मारत बसत नाही. तो आधी ऐकतो. हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसतो, नाही आला तर ढकलतो. जे ऐकतो ते काही मिलिव्होल्टचं असतं. डाव्या खांद्याखालची डबी आणि हृदयात उतरलेली वायर मिळून एक वेटोळं तयार होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वेटोळं धरलं की त्यात व्होल्टेज येणार, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी कागदावर मांडून पाहिलं. वेटोळ्याचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर 50 हर्ट्झच्या 100 मायक्रोटेस्लात जेमतेम 0.7 मिलिव्होल्ट येतात. तेच 100 मायक्रोटेस्ला 1000 हर्ट्झचे असले तर वीसपट, 14 मिलिव्होल्ट. पेसमेकरमधले फिल्टर त्यातलं बरंच गाळतात. वायर बायपोलर असेल, म्हणजे ऐकणारी दोन्ही टोकं हृदयातच जवळजवळ असतील, तर हे व्होल्टेज आणखी कमी होतं. तरी हिशेबाचा रोख लक्षात घ्या: क्षेत्र जोराचं असेल तर पेसमेकरला वाटतं हृदय चालूच आहे, आणि तो गप्प बसतो. किंवा गोंगाट ओळखून आंधळेपणाने ठराविक वेगाने ठोके देत सुटतो. दोन्ही तात्पुरतं असतं. लांब झालात की बहुतेक वेळा गडी ताळ्यावर येतो.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. माझं हृदय पेसमेकरवर पूर्ण अवलंबून आहे का? वायर बायपोलर आहे की युनिपोलर (एक टोक हृदयात, दुसरं म्हणजे डबीच), आणि सेन्सिंग, म्हणजे ऐकण्याची पातळी, किती मिलिव्होल्टला ठेवलीय? माझं उपकरण साधा पेसमेकर आहे की आयसीडी, म्हणजे झटका देणारा? आयसीडीवाल्याने दुप्पट जपायचं, कारण तो गोंगाटाला हृदयाची बिघडलेली लय समजला तर झटका देऊन मोकळा होतो.

आता फर्नेस. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण याबद्दल मराठीत मला कुठे काही सापडलं नाही.

क्षेत्र कुठे जास्त असतं हे जुन्या वायरमनला सांगावं लागत नाही. आमच्याकडे एका हेल्परने हातात स्टीलचं कडं घातलं होतं. पॉवर चालू असताना कॉइलच्या मागच्या बाजूला बसबारजवळ (करंट नेणाऱ्या जाड पट्ट्यांजवळ) हात नेला आणि ओरडला, कडं चटका बसण्याइतकं तापलं होतं. चहूबाजूंनी बंद कडं म्हणजे ट्रान्सफॉर्मरची एक वेढ्याची सेकंडरीच की. कॉइल, तिला जाणाऱ्या वॉटर कूल्ड केबल, बसबार आणि कपॅसिटर बँक ही चार ठिकाणं सर्वांत वाईट. फर्नेसला बाहेरून योक, म्हणजे लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे, असतील तर क्षेत्र बरंच आत कोंडलं जातं. लहान फर्नेसला ते बहुधा नसतात.

मी कामावर परत जाण्याआधी मालकांना सांगून मोजमाप करून घेतलं. इथे पैसे वाचवू नका. बाजारात मिळणारे स्वस्त मीटर 50 हर्ट्झच्या हिशेबाने लावलेले असतात, 1000 हर्ट्झला काहीही दाखवतात. मोबाईलवरचं ॲप तर होकायंत्राच्या सेन्सरवर चालतं. त्याला स्थिर चुंबक कळतो, फर्नेस कळत नाही. मापणाऱ्याला फ्रिक्वेन्सी आधी सांगा, आणि फर्नेस पूर्ण पॉवरवर असताना, छातीच्या उंचीला मोजायला लावा. गुडघ्याजवळच्या आकड्याचं मला काय करायचंय? आकडे डॉक्टरांमार्फत पेसमेकर कंपनीकडे पाठवले, त्यांनी त्या मॉडेलला चालेल ती पातळी कळवली, आणि त्या पातळीच्या बाहेर जमिनीवर पिवळा पट्टा मारला. माझ्या फर्नेसला तो साडेतीन मीटरवर आला. तुमच्या फर्नेसला तो दोनवर येईल नाहीतर सहावर. माझा आकडा उचलून नेऊ नका.

पट्ट्याच्या आत पॉवर चालू असताना मी जात नाही. चार्जिंग (भट्टीत माल टाकणं), स्लॅग म्हणजे मळी काढणं, टेंपरेचर घेणं ही कामं आता दुसऱ्यांची. आतलं काही बघायचं असेल तर पॉवर बंद, आयसोलेटर (वीज तोडायचा मुख्य स्विच) ओपन, त्याला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. कुणीतरी "बंद केलंय अण्णा, या" म्हणालं म्हणून आत शिरायचं नाही. कपॅसिटर डिस्चार्ज करायला लागतात ते वेगळं, तो नियम पेसमेकर नसणाऱ्यालाही आहे.

स्क्रॅप उचलणारा क्रेनचा मॅग्नेट हा दुसरा राक्षस. तो स्थिर चुंबक. स्थिर चुंबक जवळ आला की पेसमेकर ऐकणं बंद करून ठरलेल्या वेगाने ठोके देतो, आणि बहुतेक आयसीडी झटका द्यायचंच थांबवतो. डॉक्टर तपासताना मुद्दाम चुंबक ठेवून हेच करतात. यार्डात मॅग्नेट चालू असताना त्या बाजूला जाणंच मी सोडलं.

सगळं ठरल्यावर डॉक्टरांनी चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे ईसीजी नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावून मला एक पाळी करायला लावली. नंतर पेसमेकर तपासून त्यात गोंगाटाची नोंद पडली आहे का ते पाहिलं. नव्हती. तोवर बायको झोपली नव्हती.

वेल्डिंग सोडावं लागतं का, हे मला सर्वांत जास्त विचारतात. पेसमेकर कंपन्यांच्या सूचनांत साधारण 160 ॲम्पिअरच्या खालचं आर्क वेल्डिंग, आर्क छातीपासून 60 सेंटिमीटर लांब ठेवून, असं सापडतं. पण तेही डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. आयसीडीवाल्याने आणि पूर्ण अवलंबून असणाऱ्याने आधी नाहीच समजावं. 60 सेंटिमीटर म्हणजे आपल्या मापाने दीड हाताच्या जरा आत. मी दीड हातच धरतो.

अंतराइतकीच महत्त्वाची केबल कशी टाकता ती. एका तारेतून 150 ॲम्पिअर जात असतील तर तिच्यापासून 10 सेंटिमीटरवर 300 मायक्रोटेस्ला होतात, दीड मीटरवर 20. पण होल्डरची केबल आणि अर्थची केबल एकमेकींना चिकटवून नेल्या, तर जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र मारतात, आणि लांबून जवळजवळ काही उरत नाही. आपले लोक नेमकं उलटं करतात. होल्डरची केबल खांद्यावर टाकायची, अर्थ पलीकडच्या कॉलमला लावायचा आणि मधे स्वतः बसायचं. म्हणजे वेटोळ्याच्या पोटातच की! तेव्हा दोन्ही केबल टेपने एकत्र बांधा, अर्थ क्लँप जॉबवर, म्हणजे जोडायच्या तुकड्यावरच, वेल्डच्या जवळ लावा, मशीन पाच फूट लांब ठेवा, खांद्यावर किंवा मांडीवर केबलचं भेंडोळं घेऊ नका. रॉड पेटत नसेल तर टकटक करत राहू नका, दोन प्रयत्नांत काही सेकंद जाऊ द्या. त्या टकटकीचा ताल पेसमेकरला ठोक्यासारखा वाटू शकतो. ओल्या जागेत नको, एकट्याने नको. भोवळ आली, छातीत धडधडलं, तर होल्डर टाका आणि चालू लागा. थांबून "काय होतंय बघू" करायचं नाही. हेल्परला हेच शिकवलंय: अण्णा गप्प झाले की मशीन बंद करायचं आणि दंडाला धरून लांब न्यायचं.

घरातली भीती बरीचशी फुकटची निघाली. मिक्सर, फॅन, टीव्ही, फ्रीज, मायक्रोवेव्ह, वायफाय, सगळं नेहमीसारखं वापरा, फक्त छातीशी कवटाळू नका. हातातलं ड्रिल छातीला टेकवून जोर लावायची आपली सवय मात्र सोडायला लागते. मोबाईल पेसमेकरपासून 15 सेंटिमीटर लांब. मी एक वीत धरतो, ती त्याहून थोडी जास्तच भरते. शर्टाच्या डाव्या खिशात कधीच नाही आणि बोलताना उजव्या कानाला. मागे चुंबक असलेले नवे फोन आणि चुंबकाने चिकटणारे चार्जर यांना हा नियम जास्तच लागू. स्पीकरच्या मागे मोठा चुंबक असतो. गणपतीत मंडळाची पोरं म्हणाली, "अण्णा, जरा हात लावा की," तर मी हात लावला तो मंडपाच्या बांबूला.

माळ्यावरची शेगडी खाली आली, अटींसह. कॉइल आणि पेसमेकर यांत दीड हात अंतर, म्हणजे ओट्याशी उभं राहून खाली वाकून फोडणी हुंगायची नाही. भांडं वर्तुळ पूर्ण झाकेल एवढं आणि बरोबर मध्यावर. छोटं पातेलं कडेला सरकलं की क्षेत्र बाहेर सांडतं. ढवळायला लाकडी पळी. चहा मीच करतो, भाजी तिच्याकडे. ही वाटणी पेसमेकरच्या आधीपासूनची आहे, पण आता मला वैद्यकीय कारण आहे.

घरातला खरा धोका क्षेत्राचा नाहीच, गळतीचा आहे. वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात, गीझरच्या पाण्यात झिणझिणतं, आणि आपण म्हणतो, "असू दे, थोडा करंट येतोच." तो थोडा करंट हातातून छातीतून पायात जातो, म्हणजे थेट पेसमेकर ऐकत बसलेला असतो त्या वाटेने. बदलत्या क्षेत्राने वेटोळ्यात काही निर्माण व्हावं लागतच नाही, व्होल्टेज आयतं दाराशी येतं. अर्थिंग नसलेल्या मशीनमुळे आयसीडीने नको तेव्हा झटका दिल्याच्या घटना डॉक्टरांच्या नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. 30 मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवाच, पण तेवढ्यावर निवांत होऊ नका. त्याच्या खालच्या गळतीला ते पडत नाही, आणि पेसमेकरला गोंधळवायला त्याहून फार कमी पुरतं. अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नका. बादलीतला पाणी तापवायचा रॉड मी घरातून हद्दपार केला. हे सगळं एका दिवसाचं काम आहे. माझ्या मते पेसमेकर बसायच्या आदल्या आठवड्यात उरकावं.

अंबाबाईच्या देवळात, विमानतळावर, मॉलमध्ये मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने पार व्हा. मधे रेंगाळू नका, तिला टेकू नका. हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नका. पेसमेकरचं कार्ड दाखवून "हाताने तपासा" म्हणा. कुणी ऐकलं नाही असं मला अजून झालेलं नाही.

आता जिथे माणसं बेसावध असतात ते ठिकाण: फिजिओथेरपी. गुडघा दुखतो म्हणून शेक घ्यायला जातो आपण. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक पेसमेकरवाल्याला पूर्ण वर्ज्य. त्याची ऊर्जा वायरच्या टोकाला एकवटून हृदयाचं मांस भाजू शकते. गुडघ्यावर घेतला तरी नको. त्वचेला पॅड लावून झिणझिण्या देणारं मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरम पाण्याची पिशवी चालते. शरीरातली चरबी मोजणारा वजनकाटाही टाळा, तो पायातून करंट सोडतो. चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे विकणारे आले, तर त्यांना पाणी देऊन वाटेला लावा.

एमआरआय लागलाच, तर डबी आणि वायर दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या आहेत का हे कार्डावरून बघतात. आधी पेसमेकर एमआरआय मोडला टाकतात आणि नंतर परत नेहमीवर आणतात. हे परत आणणं झालंय ना, तुम्हीच विचारा. मशीनचा चुंबक चोवीस तास चालू असतो, रात्री आणि रविवारीही. त्याच्याभोवती धोक्याची रेषा, बऱ्याच ठिकाणी 0.5 मिलिटेस्लाची, आखलेली असते, नातेवाइकाला सोडायला म्हणून पेसमेकरवाल्याने ती ओलांडायची नाही. कुठल्याही ऑपरेशनच्या आधी पेसमेकर आहे हे सर्जनला सांगा. रक्तस्राव थांबवायला वापरतात ते कॉटरीचं यंत्रही पेसमेकरला फसवतं.

टॉवरबद्दल दोन शब्द, कारण पेसमेकर म्हटलं की लोक गच्चीकडे बघतात. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आयसीएनआयआरपीच्या तेव्हाच्या आकड्याच्या दहाव्या भागावर आणली. 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 0.45 वॉट. समजा अँटेनात 20 वॉट जातात आणि ती ते एका दिशेला पन्नास पटीने एकवटून फेकते, तरी ऐन झोतात 20 मीटरवर 0.2 वॉट होतात. झोत आडवा जातो, त्यामुळे अँटेनाच्या बरोबर खालच्या मजल्यावर अगदीच थोडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. पेसमेकरची टायटॅनियमची डबी आणि फिल्टर हे सहज झेलतात. अँटेनाच्या अगदी पुढ्यात, त्याच उंचीवर, हाताच्या अंतरावर उभं राहायचं नाही इतकंच. गच्चीवरची टाकी धुणाऱ्यालाही तेच सांगा. मोबाईलला चिकटवायचे किरणरोधक स्टिकर निव्वळ पैसे उकळणं आहे. त्याने अँटेना झाकली गेलीच, तर सिग्नल पकडायला फोन उलट जोर वाढवतो.

पाकिटात पेसमेकरचं कार्ड, मोबाईलमध्ये त्याचा फोटो, आणि फर्नेसच्या पॅनेलवर आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर माझं मॉडेल, डॉक्टरांचा नंबर आणि खाली हेल्परच्या अक्षरात: "अण्णा पडले तर आधी पॉवर बंद. मग उचला." पुढचं चेकिंग दिवाळीनंतर आहे. तेव्हा बॅटरीबरोबर गोंगाटाची नोंदही बघायला सांगणार आहे, कारण दसऱ्याला फौंड्रीत नवी फर्नेस येतेय, आणि पिवळा पट्टा परत मोजून मारायचाय.